वाटीखालची अन्नपूर्णा

मुलुंडच्या बंगल्यातल्या सूनबाईंनी माझ्या आईला फसवलं. आईने त्यांची लाज राखली आणि त्यांनी आईला चोर ठरू दिलं. एवढं आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं सांगतो. माझा स्वभाव तापट आहे. बोलता बोलता आवाज चढतो, समोरचा आवाजाबद्दलच बोलायला लागतो आणि मुद्दा राहून जातो. कागदावर तसं होणार नाही.

माझा धंदा जुन्या घरांचा. घर पाडायचं ठरलं की मी जातो, फिरून बघतो, नाक मुरडतो आणि भाव करतो. दारं, खिडक्या, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं, पितळी कड्या. सगळं उतरवून घाटकोपरच्या गोदामात आणतो आणि नव्या श्रीमंतांना जुनं म्हणून विकतो. आठवीत शाळा सुटली तेव्हा याच धंद्यात तुळया खांद्यावर वाहिल्या. आज त्याच खांद्याने गोदामाचं शटर वर करतो. मला कोणी हात धरून वर आणलेलं नाही, त्यामुळे कोणाचे आभार मानायचेही राहिलेले नाहीत.

जुनी तुळई करवतीखाली घालण्याआधी तिच्यात खिळा राहिला नाही ना, हे बघायला आमच्याकडे हातात मावेल एवढं यंत्र असतं. खिळा असला की ते किंचाळतं. त्याचाच मोठा भाऊ मी दोन वर्षांपूर्वी घेतला. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, कानाला हेडफोन. जमिनीखालचे शिशाचे पाइप शोधायला घेतला, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही. पण मुलुंडचा तो बंगला पडणार असल्याची कुणकुण मला त्याच सुमारास लागली होती.

त्या बंगल्याच्या मागच्या अंगणात विहीर होती, आणि विहिरीच्या पलीकडे एक खोली. ती भाड्याने आमच्याकडे होती. वडील गिरणीत, आई बंगल्यात धुणीभांडी आणि दळणकांडण करायची. माझी हद्द विहिरीपर्यंत. तिथून स्वयंपाकघराचं मागचं दार दिसायचं, आणि ते उघडं असलं तर आत लाल कोब्याची जमीन आणि देवघरातल्या समईचा एक पिवळा ठिपका. घरात थोरल्या बाई होत्या, त्यांचा शब्द शेवटचा. आणि त्यांची सून, तिला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींनी माहेरून चांदीची अन्नपूर्णा आणली होती. लग्नात मुलीला आई देते तशी. दोन पेरांएवढी, मांडी घालून बसलेली, हातात पळी. देवघरात ती एका वाटीत तांदळावर बसलेली असायची.

मी पाचवीत असताना चैत्रात हळदीकुंकू होतं. त्या घरी चैत्रगौर म्हणून अन्नपूर्णेलाच छोट्या पितळी झोपाळ्यात बसवत. झोपाळा मांडला, आरास झाली, कैरीची डाळ झाली, पन्हं झालं आणि झोपाळ्यात बसवायला देवी नाही. आळीतल्या बायका पाटावर बसलेल्या. मी विहिरीपाशी उभा होतो. थोरल्या बाईंचा आवाज तिथपर्यंत आला.

"या घरात बाहेरचं माणूस एकच येतं."

बाकीच्या बायकांनी माना वळवल्या. माझी आई पन्ह्याच्या पेल्यांचं तबक घेऊन दारात उभी होती. तिने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी तिच्या हातातलं तबक घेतलं आणि आत निघून गेल्या.

आमच्या खोलीची झडती झाली. पिठाचा डबा, गोधड्या, माझं दप्तर. काही सापडलं नाही. पोलीस नको, घराण्याचं नाव आहे, असं वहिनींचे यजमान, बंगल्याचे मालक, म्हणाले, आणि त्या उपकाराच्या बदल्यात वडिलांकडून कागदावर सही घेतली की आम्ही आपखुशीने खोली सोडत आहोत. वैशाखात आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर पत्र्याखाली राहायला गेलो. मुलुंडात आईला पुन्हा कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

माझा विचार सरळ होता. आईने घेतलेली नाही, म्हणजे देवी त्या जागेतच कुठेतरी असणार. घासताना मोरीत गेली असेल, निर्माल्याबरोबर झाडाखाली पडली असेल. चांदी कुजत नाही. ती शोधायची, आणि आई जिवंत असेपर्यंत तिच्या हातात ठेवायची.

बंगला पाडायचं काम मी मिळवलं. बिल्डरचा माणूस, एक पोरगेलासा इंजिनिअर, काळा गॉगल लावून व्हरांड्यात उभा होता.

"काका, वरचं सगळं तुमचं. खालचं कशाला पाहिजे?"

"खाली शिशाचे पाइप आहेत."

"पाइपसाठी चार दिवस? सोनंबिनं पुरलंय का? आत्ताच सांगा, पार्टनरशिप करू."

"सोनं असतं तर मालकाने तुला जागा विकली असती का रे?"

तो हसला. "जेसीबी चार दिवस उभा ठेवला तर साहेब माझी वाट लावतील. एक दिवस देतो. जा."

"चार."

"दीड. आणि चहा माझ्याकडून."

आयुष्यात मी भावात पहिला आकडा कधी बोललेलो नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, मग त्याच्या आकड्याकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसं बघायचं. पण त्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं, "जिना ठेव तुला."

त्याने गॉगल काढला. "कुठला जिना?"

"इथे दुसरा जिना आहे का? बर्मा टीक. कठड्यासकट."

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"चार दिवस."

"चार," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही त्या मशीनसकट गेटच्या बाहेर."

घर पाडून मलबा उचलला की जमिनीवर त्याचा नकाशा उरतो. हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि कधी थांबून बघितलेलं नाही. भिंती नसतात, पण त्या होत्या तिथे एक फिकट रेघ असते. एका खोलीचा कोबा लाल, दुसरीची फरशी काळीपांढरी, मोरीचा दगड झिजलेला. सकाळी लवकर गेलो की पश्चिमेच्या डोंगरावर धुरकं असायचं आणि त्या नकाशावर दव. कानाला हेडफोन लावला की मुलुंड बंद व्हायचं. रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या इमारतीचं ड्रिल, सगळं दूर कुठेतरी पाण्याखाली गेल्यासारखं. उरायचा तो यंत्राचा बारीक गुणगुणाट, आणि मी.

लोखंडाला ते घोगरं बोलतं. तांब्याचांदीला गोड, लांबट. मी चकती डावीकडून उजवीकडे झुलवत चालायचो आणि पाय आपोआप हळू पडायचे, जणू घरात कोणी झोपलंय. पहिल्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की माजघराच्या रेघेपाशी मी चपला काढून ठेवल्या होत्या. भिंत नाही, छप्पर नाही, हाकलणारं कोणी नाही. आणि मी अनवाणी. स्वतःचाच राग आला, पण चपला घालायला परत गेलो नाही.

ज्या खोल्या मी कधी आतून बघितल्या नव्हत्या, त्यांच्यातून मी चार दिवस फिरलो. बैठकीच्या खोलीत मधलं भोक पडलेला पैसा सापडला. जिन्याखाली एक किल्ली, जिचं कुलूप कुठल्या जन्मी हरवलं असेल. न्हाणीच्या बाजूला पितळी घुंगरू, एकच. करंगळीएवढी केसांची पिन. कडा लाटांसारख्या असलेलं दहा पैशांचं नाणं, सोड्याच्या बाटलीची बुचं, गंजलेला अडकित्ता. प्रत्येक वस्तू मातीतून वर येताना अशी यायची की झोपेतून उठवलेल्या माणसाने क्षणभर आपल्याकडे बघावं. मी ती पुसून तळहातावर धरायचो. माझा हात प्रत्येक वस्तूचा भाव जाणतो. त्या दिवसांत तो काही बोलला नाही.

दुपारी उन्हात नकाशा हलायचा. मला वाटायचं, स्वयंपाकघराच्या रेघेपलीकडून आत्ता भांड्यांचा आवाज येईल, राखेचा वास येईल. एकदा तर मी विहिरीच्या जागेला वळसा घालून गेलो. विहीर कधीच बुजवलेली होती, वर सपाट जमीन होती, तरी पाय काठावरून गेले.

देवघर झालं. मोरी झाली. निर्माल्य टाकायची जागा, तिथे पूर्वी सोनचाफा होता, ती हातभर खोल चाळून झाली. काही नाही. चौथ्या दिवशी मागचा कोपरा तेवढा उरला. आमची खोली. मी ती शेवटी ठेवली होती, आणि का ते मला विचारू नका.

खोलीची एक पायरी तेवढी जागेवर होती, काळ्या दगडाची. तिच्यावर बसून मी पाढे पाठ केलेत. चकती तिच्यावरून सहज फिरवली आणि कानात तो गोड, लांबट सूर आला. इतका स्वच्छ की मी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला. पहार घालून पायरी उलटवली. खाली वीतभर माती उकरली तेव्हा हिरवटलेली वाटी लागली, तोंड खाली करून पालथी घातलेली. ती उचलली. खाली दगडाचा चपटा तुकडा, त्यावर पिवळं वीस पैशाचं नाणं, कमळाचं, बायका पूजेला जपून ठेवायच्या ते. आणि नाण्यावर अन्नपूर्णा. काळी पडलेली. उजवा हात मनगटापासून नव्हता.

मी वाटी पुसली. कडेला भांडी घेताना घालून देतात तसं ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं. माझ्या वडिलांचं.

आमच्या पायरीखाली. आमच्या वाटीत. मी पंचेचाळीस वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्या माणसांनी जे म्हटलं होतं, ते मी माझ्या हाताने, माझा जिना देऊन, उकरून काढलं होतं.

मी तिथेच मातीत बसलो. पोरगेला इंजिनिअर येऊन म्हणाला, "काका, पाइप मिळाले?" मी त्याच्यावर असा ओरडलो की तो गेटपर्यंत मागे न बघता गेला. मी वाटी रुमालात बांधली. त्या दोन तासांत मी आईला चोर मानलं. हे मी लपवत नाही. जाताना रिक्षात मी एकच विचार करत होतो, की तिला विचारायचं नाही. हे गटारात टाकायचं आणि घरी जाऊन जेवायचं.

पण माझा हात असल्या गोष्टी टाकत नाही.

आई ऐंशी ओलांडलेली, बोलणं अजून मालवणीच. गॅलरीच्या उन्हात बसून तांदूळ निवडत होती. मी रुमाल तिच्या सुपात सोडला. तिने वाटी बघितली, मग देवी बघितली, आणि तिचा चेहरा असा झाला की माहेरचं माणूस दारात आलंय.

"ही खय गावली तुका?"

"आपल्या पायरीखाली."

"मगे उकरलंस कित्याक? मीच ठेवलंय तिका थंय."

"म्हणजे घेतलीस तू!" मी ओरडलो. शेजारच्या गॅलरीतली कबुतरं उडाली.

"आवाज कमी कर, मेल्या. घेतलंय नाय. ठेवलंय."

मग तिने सांगितलं, तांदूळ निवडत, एकेक खडा बाजूला काढत. वहिनींना सातवा महिना होता. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मोरीच्या दगडावर देव घासताना अन्नपूर्णा हातातून निसटली आणि पळीचा हात तुटला. तुकडा राखेच्या पाण्याबरोबर वाहून गेला. दोघींनी गुडघ्यावर बसून राख चाळली, मिळाला नाही. भंगलेली देवी घरात ठेवत नाहीत. सातव्या महिन्यात माहेरची अन्नपूर्णा भंगली, हे थोरल्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी त्याचा अर्थ पोटातल्या बाळाशी लावला असता, आणि पुढे काही कमीजास्त झालं असतं तर जन्मभर सुनेच्या हातावर खापर फोडलं असतं. वहिनी रडत होत्या. आईने देवीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की हे आपल्या दोघींतच राहील.

विसर्जनाला खाडीवर जायचं तर थोरल्या बाईंना विचारावं लागणार. म्हणून जमिनीत ठेवायचं ठरलं. देवीला उघड्या मातीत ठेवायचं नाही, स्टीलखाली नाही, लोखंडाखाली तर नाहीच. आईकडे तांब्याची एकच वस्तू होती, तिच्या लग्नातली वाटी. ती तिने पालथी घातली. आणि जागा निवडली आमची पायरी, कारण तिथे दुसरं कोणी खणणार नाही.

"वाटीवर आपलं नाव होतं आई! कोणाला सापडली असती तर?"

"देवीक काय नाव वाचूक येणा नाय?"

"आणि त्या दिवशी? सगळ्या बायकांसमोर? तेव्हा का नाही बोललीस?"

"शब्द दिल्लंय ना रे."

"आणि तिने काय केलं?"

आईने एक खडा बाजूला टाकला. "ती पोटुशी होती, झिला. तिची सासू वाघीण. मी वाट बघलंय. म्हटलंय, बाळंत झाली की सांगात. मगे म्हटलंय, सासू गेली की सांगात." तिने सूप हलवलं. "मगे इसरलंय."

ती विसरलेली नाही. मी तिचा मुलगा आहे.

"आणि बाबांना? त्यांना तरी सांगितलंस?"

तिने मान हलवली. वडील जाईपर्यंत त्या दोघांत हा विषय निघाला नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. त्यांचा तिच्यावर विश्वास होता की नाही, हे तिला आजही माहीत नाही. मी भावातल्या घासाघिशीत लोकांना घाम फोडलेला आहे. पण या एका गोष्टीची भरपाई काय मागायची, हे मला सुचत नाही.

"तिच्याकडे जाव नको हां," आई म्हणाली. "माझ्या गळ्याशपथ."

मी गेलो. शपथ तिने घातली होती, मी घेतली नव्हती.

वहिनी विलेपार्ल्याला मुलीकडे असतात. मुलीने दार उघडलं. हीच ती, तेव्हा वहिनींच्या पोटात असलेली. शाळेत शिकवते, स्वभावाने चांगली वाटली. "मुलुंडचे का? आईला बरं वाटेल," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पांढऱ्या केसांच्या, हलक्या, वाऱ्याने उडतील अशा. खिडकीबाहेर बदामाची पानं हलत होती आणि त्यांची सावली त्यांच्या पातळावर. मला क्षणभर वाटलं, मी अजून त्या नकाशातच चालतोय आणि या खोलीतही चपला काढूनच आलोय. काढूनच आलो होतो.

मी कोण ते सांगितलं. त्या बघत राहिल्या.

"आईला हल्ली फारसं आठवत नाही हो," मुलगी आतून म्हणाली.

मी खिशातून फक्त वाटी काढली आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर पालथी ठेवली. देवी मी आणलीच नव्हती. ती आईच्या पेटीत आहे. नुसती वाटी, हिरवी, रिकामी.

त्यांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. ठिपक्यांवरून, सावकाश. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "पळी सापडली का?"

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. "कसली पळी, आई?"

वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं. मुलगी माझ्याकडे बघून कसंनुसं हसली, म्हणजे बघा, असंच काहीतरी बोलते हल्ली. मला त्याच क्षणी सगळं सांगता आलं असतं. पण त्या मुलीच्या हातात भरलेला ट्रे होता, आणि ती माझ्याशी नीट वागली होती. मी चहा घेतला, वाटी उचलली आणि खाली उतरलो.

तेव्हा आता इथे बोलतो.

वहिनी, तुम्हाला आठवतं. ज्याला आठवत नाही तो पळी विचारत नाही. मला तुमच्याकडून खोली नको, त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीतला कोपरा नको. तुम्ही तेव्हा घाबरला होता, हे मी मान्य करतो. तेव्हा तुम्ही विशीतल्या होता. पण सासूबाई गेल्यावर तुम्ही कोणाला घाबरत होता? नवरा गेल्यावर कोणाला? तुमची मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तिच्या घरात तुम्ही खिडकीपाशी बसता, तिथे तुम्हाला कोणाची भीती आहे? माझ्या आईचं घर पार्ल्याहून तासाभरावर आहे. गाडी मी पाठवतो. तुम्ही या, मुलीला बरोबर आणा, आणि तिच्यासमोर, माझ्या आईसमोर बसून सांगा की अन्नपूर्णा कोणाच्या हातून पडली, आणि त्या दिवशी तबक हातात घेऊन तुम्ही आत का गेलात. आईने वाट बघणं सोडलंय. मी सोडलेलं नाही. उत्तर द्या.